तारामतीचं उतरलेलं रक्त

तारामतीच्या पोटातली गाठ काढून नऊ दिवस झाले, तरी तिचं रक्त वाढायचं सोडून उतरतच चाललं होतं. ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन नऊ भरलं होतं, आता पावणेआठ. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या वनमालाबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. तारामतीच्या नवऱ्याला, गोरोबाला, मात्र ते पटेना.

साल एकोणीसशे एकसष्ट. गोरोबा परंड्याकडचा मेंढपाळ. मेंढरं भावाच्या हवाली करून तो आवारातच मुक्कामाला होता. रोज कलेजी शिजवून बायकोला खाऊ घालायचा, लोहाच्या गोळ्या वेळेवर द्यायचा. त्या दिवशी बाई सुई घेऊन आल्या, तसा तो आडवा आला.

"न्हाय बाई. रोज तुमीच रगत काढून नेताय, मग वाढंल कुठनं?"

"अर्धा चमचासुद्धा नसतं ते."

तारामतीनं पडल्या पडल्या हात पुढं केला. "घ्या बाई. ह्यास्नी न्या संगट, बघू द्या काय करताय ते."

बाईंनी रक्त बारीक काचेच्या नळीत भरून नळी उभी लावली. गोरोबा समोर उकिडवा बसला. तासाभरात तांबडं खाली बसत गेलं, वर पिवळसर पाणी राहिलं. तांबडं किती खाली गेलं, तो आकडा बाईंनी नळीवर वाचला.

"सत्तर. चार दिवसांमागं नव्वद होता. धडधाकट बाईचा विसाच्या आत असतो. आतली जखम अजून धुमसतीय. तोवर शरीर लोह दाबून ठेवतं, रक्ताला देत नाही. गोळ्या द्या नाहीतर कलेजी द्या, तोवर रक्त वाढायचं नाही."

गोरोबानं वाकून नळी जवळून पाहिली. मग म्हणाला, "लोकर कातरताना मेंढीला पातं लागलं, तर ती बी पंधरा दिवस वाळलेलीच ऱ्हाती. चारा किती बी घाला."

बाईंनी मेंढी कधी जवळून पाहिली नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली.

बाराव्या दिवशी तारामतीला घरी सोडलं. दीड महिन्यानं दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलं. तसं सांगितलेले फारसे कुणी परत येत नसत, म्हणून बाईंनी वाट पाहिली नाही. पण दोघं आली. तारामती एस.टी. स्टँडापासून चालत आली होती. नळीत अठरा आला, हिमोग्लोबिन साडेदहा.

"गोळ्या आता लागू पडल्या. आणखी दोन महिने घ्या," बाई म्हणाल्या.

"मेंढरामागं जाऊ का?" तारामतीनं विचारलं.

"जा. ओझं उचलू नका."

"कोकरू चालंल?"

बाईंनी जरा विचार केला. "लहान असलं तर," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.