बायजीचं वाक्य

"ओळखत नाही. एवढंच बोलायचं, आजी," दिग्दर्शक तुषार चौथ्यांदा समजावत होता. "शिपाई विचारतील, हा कोण? तुम्ही म्हणायचं, ओळखत नाही."

बायजीने मान हलवली. कॅमेरा सुरू झाला, शिपायांनी कैद्याला फरफटत समोर आणलं, आणि तिचे ओठ पुन्हा मिटले.

तलासरीजवळच्या बंद खदानीत शूटिंग चाललं होतं. सिनेमा एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरचा. सरकार ज्याचं नाव खोडेल, त्याला घरच्यांनीही नाकारायचं, असं त्यातलं राज्य. गर्दीसाठी पाड्यावरची माणसं आणली होती. कैद्याच्या आईचं काम बायजीकडे आलं होतं. कैदी होणारा नट ऐनवेळी आला नाही, म्हणून युनिटमधल्या दीपेश लाइटमनला उभं केलं. तो बायजीचाच मुलगा, हे तुषारला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दीपेश मास्तरकीचं शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला निघाला. आश्रमशाळेत स्वयंपाक करून त्याला शिकवणारी बायजी तेव्हा दारातून ओरडली होती, "जा! मी तुला वलखत नाय." त्यानंतर तो घरी फिरकला नव्हता.

"आजी, अडतंय कुठे?" तुषार वैतागला.

"मना नाय जमायचा, साहेब. तो माझा पोर हाय. येकदा बोलले, ता पुरे झाला."

तुषारने चमकून दीपेशकडे पाहिलं. दीपेश जमिनीकडे बघत राहिला.

तुषारची सहायक निलम पुस्तक चाळत होती. "सर, कादंबरीत आई बोलतच नाही. नुसती बघत राहते. हे वाक्य आपण घातलंय."

तुषारने ते पान दोनदा वाचलं. "खरंच की! आजी, काही बोलू नका. फक्त त्याच्याकडे बघा."

बायजीने पाहिलं. पोर वाळला होता. भुवईवर कसलीशी जखम भरून आलेली, ती कधी झाली हे तिला माहीत नव्हतं. मग दीपेशनेही मान वर केली. तुषारने "कट" म्हटलेलं दोघांनाही ऐकू गेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत तो ताट घेऊन तिच्या शेजारी येऊन टेकला.

"आये, शनवारी घरी येव?"

"मना काय इचारतोस? ये की."

पहाटे जीपमध्ये बसल्यापासून पोटात काही गेलेलं नाही, हे बायजीला आत्ता जाणवलं. पुढ्यातला भात तिने भराभर संपवला, आणि उठून वाढणाऱ्यापुढे पुन्हा ताट धरलं.