केमनची भावकी

किन्हवलीत देवरामचा गणपतीचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची लांब शेड. तिच्यात वर्षातले आठ महिने गणपती राहायचे आणि उरलेले चार महिने उंदीर. २००१ च्या उन्हाळ्यात मात्र फळीवर गणपतींच्या रांगेत हातभर लांबीचं एक दातेरी डोकं येऊन बसलं, आणि देवरामच्या बायकोने, गिरजाने, दोन दिवस शेडकडे फिरकायचं नाव काढलं नाही.

डोकं आणलं होतं लेकीनेच. नम्रता कल्याणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि जोडीला पीएच.डी. करत होती. विषय केमन. मगरीसारखाच दिसणारा, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला प्राणी. त्यातही हा कोटीभर वर्षांपूर्वी मेलेला आणि हाडांचा दगड झालेला. खरी कवटी परदेशात होती. तिची प्लास्टरची प्रतिकृती तिच्या सरांकडे थोडे दिवस आली होती, पुढे ती कोलकात्याला जायची होती. सर म्हणाले, जाण्याआधी एक नक्कल करून घे. नम्रताने खोकं उघडलंसुद्धा नाही, तसंच मांडीवर घेऊन शहापूरहून एसटीने ती घरी आली. नक्कल करणारा माणूस घरात असताना बाहेर शोधायचा कशाला?

देवरामने साचा काढला, नक्कल ओतली. नम्रता तेव्हा परीक्षांच्या ड्यूटीत अडकली होती. ती मोकळी होईपर्यंत मूळ डोकं कोलकात्याच्या वाटेला लागलं होतं. सोबत आलेल्या फोटोंत फक्त जबडे होते. मग रोज कॉलेजातून आल्यावर ती शेडमध्ये त्या नकलेवर वाकून मापं घेत बसायची.

देवरामने हा विषय आपल्या परीने समजून घेतला होता.

"मंजे ह्यो कुनाच्या भावकीतला, तेवढाच शोधाचा ना?"

"तेवढंच बाबा," ती हसून म्हणायची, आणि मग तेवढंच सांगायला तिला तास लागायचा. आपल्याकडच्या मगरीने तोंड मिटलं तरी खालचा चौथा दात बाहेर दिसतो. केमनचा तो दात वरच्या जबड्यातल्या खळग्यात जाऊन लपतो. अ‍ॅलिगेटरचाही लपतो, म्हणजे तो जवळचा आणि मगर लांबची. पण अ‍ॅलिगेटरच्या नाकपुड्यांमध्ये हाडाची पट्टी असते, ती केमनला नसते. अशा एकेका खुणेने ती त्या जनावराला त्याच्या आळीपर्यंत घेऊन आली होती. घर कुठलं, एवढंच उरलं होतं.

ते घर ठरवलं टाळूने. या सगळ्या मंडळींच्या डोक्यावर, डोळ्यांच्या मागे, हाडात दोन भोकं असतात. केमनमध्ये ती लहान असतात, आणि हल्लीच्या बुटक्या केमनमध्ये तर मोठेपणी पार बुजून जातात. नम्रताकडच्या नकलेच्या डोक्यावर भोकं नव्हतीच. म्हणजे बुटक्या केमनचं घराणं कोणाला वाटलं नव्हतं इतकं जुनं निघालं. पुण्याच्या परिषदेने तिचा पेपर घेतला. तो तिने वाचला की तिचं नाव होणार होतं. सर स्टाफरूममध्ये सांगत सुटले आणि देवराम शहापूरच्या बाजारात, रंगाच्या दुकानात. लेकीने कोटीभर वर्षांची भावकी लावली, हे दुकानदाराला किती कळलं कोण जाणे, पण त्याने चहा पाजला.

परिषदेला आठवडा उरला होता. रविवारी नम्रता शेडमध्ये पेपरावर शेवटचा हात फिरवत बसली होती. समोर देवराम एका गणपतीचं मोडलेलं बोट भरत होता.

"खंडित काय हातातून जाव द्याचा नाय," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "तुज्या केमनचा बी तसाच. टाळूवर दोन भोका व्हती. साचा सुटाला पायजे म्हनून मातीनं बुजवली. नकलेतली नंतर उघडाची व्हती, पन मनात आला, फुटक्या डोक्याचा काम पोरीच्या हातात कसा द्याचा? असा पॉलिश पेपर मारला... सांग, कळला का तुला?"

"नाही कळलं," नम्रता म्हणाली.

देवराम खूश होऊन हसला. मग त्याने वर पाहिलं आणि त्याचं हसू तिथेच राहिलं.

"काय झाला गो?"

तिला सांगायचं नव्हतं. पण तो काम टाकून तिच्यासमोर येऊन बसला, तेव्हा तिने दोन वाक्यांत सांगून टाकलं. त्याला समजायला दोन वाक्यं पुरली. तो उठला आणि उगीचच हात धूत राहिला.

कोलकाता लांब होतं. ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती, आणि त्यातला एक जण कुठे बोलणार नव्हता. हा विचार नम्रताच्या मनात आला नाही असं नाही. गिरजाचा चहा होईस्तोवर तो विचार तिथेच बसून होता. तिला रडू येत होतं आणि बापाचा रागही येत होता, आणि राग येतोय याची लाज वाटत होती. शेवटी तिने चहा तसाच ठेवला आणि घरातल्या फोनवरून सरांना फोन लावला.

"सर, पुण्याचा पेपर मागे घेऊ या. टाळूवर भोकं आहेत. नक्कल करताना बुजवली गेली."

सरांचा आवाज दारापर्यंत येत होता, आणि दारात देवराम उभा होता. "कोण तो गाढव कारागीर? कुठून धरून आणलास?"

कारागीर ओळखीतला आहे, एवढंच तिने कॉलेजात सांगितलं होतं.

"माझे वडील आहेत ते," नम्रता म्हणाली. "त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे काम केलं. मूळ डोकं हातात असताना मी खोकं उघडून बघितलं नाही. चूक माझी आहे."

फोन ठेवून ती वळली तर दार रिकामं होतं. शेडमध्ये देवरामने डोकं पोत्यावर उतरवून घेतलं होतं आणि त्याच्या हातात बारीक छिन्नी होती. आजवर तयार झालेल्या चेहऱ्याला त्याने छिन्नी लावली नव्हती. लावणाऱ्याला तो शेडमध्ये उभं करत नसे.

"बाबा, राहू द्या. तुम्ही काढलेल्या भोकाचं माप कोण धरणार? मला कोलकात्याला जाऊन मूळच बघायला लागेल."

"मापासाठी नाय गो."

"मग?"

देवरामने त्या गुळगुळीत टाळूवरून अंगठा फिरवला.

"येवढ्या लांबून आला बिचारा," तो म्हणाला, "आन मी त्याला भलत्याच्याच भावकीत घातला."

त्याने छिन्नी टेकवली, पण डोकं पोत्यावर सरकत होतं. नम्रता खाली बसली. तिने जबडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मारा," ती म्हणाली.