शिवराळ मंगाची कैफियत

मित्रांनो, माझे कुठलेही पान उघडा, त्यातून पलीकडचे दिसेल. कात्रीने चौकटीच्या चौकटी कापून नेल्या आहेत. कणा चिकटपट्टीने धरला आहे आणि मुखपृष्ठ अर्धेच उरले आहे. मी एक जुना मंगा आहे, म्हणजे जपानी चित्रकथेचे पुस्तक, उजवीकडून डावीकडे वाचायचे. माझी दया येऊ देऊ नका. मी रागात आहे, आणि का ते सांगायला बसलो आहे.

माझ्यात गेन्ता नावाच्या पोराची गोष्ट आहे. हा गेन्ता बंदरावर मासे उतरवतो, मारामाऱ्या करतो आणि तोंडाचा अगदी फाटका आहे. माझ्यातले एकही पात्र कुणाला अहो-जाहो करत नाही. माझा कागद स्वस्त आणि करडा. आमच्यासारख्यांना एकदा वाचून टाकून द्यायचे असते. मलाही कुणीतरी टाकले, आणि हामामात्सूच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून रेंजो ओशिरोने मला उचलले.

रेंजोचे आईवडील पेरूचे. त्यांचे आजोबा-पणजोबा कधीकाळी जपानहून पेरूत गेलेले, म्हणून या दोघांना उलट जपानमध्ये, मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळाले. थोरली मुलगी येसेनिया तेव्हा चार वर्षांची होती. "दोन वर्षांत येतोच," असे सांगून तिला पेरूतच, लिमा शहरात आत्याकडे ठेवले आणि दोघे गेले. त्याच वर्षी तिकडे रेंजो झाला. दोन वर्षांची दहा-अकरा झाली. रेंजोला वर्गातली मुले परदेशी म्हणायची. तो कामगारांच्या चाळीच्या जिन्यावर बसून मला वाचायचा, आणि गेन्ताने कुणाला शिवी हासडली की पोट धरून हसायचा. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेवढेच.

मग मंदी आली आणि कारखाना बंद पडला. आई तिकडेच राहिली, दुसऱ्या माणसाबरोबर. बाप रेंजोला घेऊन लिमाला परतला. मी रेंजोच्या दप्तरात होतो.

ओफेलिया आत्याचे घर म्हणजे खाली छोटी खाणावळ, वर दोन खोल्या आणि त्यावर गच्ची. पंधरा वर्षांची येसेनिया दारात उभी होती. तिने भावासाठी आत्याकडून खास भातावरचे मांस करून घेतले होते. ती भडाभडा बोलत सुटली. रेंजोला स्पॅनिश चारदोन शब्दांपलीकडे येत नव्हते. त्याने मान खाली घालून जेवण संपवले आणि तो जपानीत हळूच काहीतरी म्हणाला. बापाने टेबलावर हात आपटला.

"इथं माणसासारखं बोलायचं. ती भाषा मी विमानतळावर सोडून आलोय."

बापाचे नाव गियेर्मो, पण सगळे मेमोच म्हणायचे. दिवसभर दुसऱ्याची टॅक्सी चालवायचा आणि घरी येऊन हेच एक वाक्य ऐकवायचा. शाळेत पोरे रेंजोला "ए चिनो", म्हणजे "ए चिन्या", म्हणून हाक मारायची. तिकडे परदेशी, इकडे चिनो. पोरगा बोलायचाच बंद झाला. घरातले आवडते मांजर गप्प झाले तर माणसे चौकशी करतात. इथे मुलगा गप्प झाला तर बाप म्हणाला, "बरं झालं, सुधारतोय."

एका सकाळी मेमोने रेंजोची सगळी पुस्तके पोत्यात भरली आणि बाटल्या-रद्दीवाल्याच्या तीनचाकीवर टाकली. रेंजो गच्चीच्या कठड्यावरून बघत होता. रडला नाही. येसेनिया खाली धावली. रद्दीवाल्याने पोत्यात हात घालू दिला तेवढ्यात तिच्या हाती मी लागलो. तीनचाकी निघून गेली. माझ्या गोष्टीचे बाकीचे भाग कुठे लगद्यात गेले असतील ते असो.

तिने मला गच्चीवर, कपडे धुण्याच्या दगडी टाकीखाली लपवले. मला वाटले, भावाला देईल. पण तिने मला रेंजोपासूनही लपवले. तिला मला वाचायचे होते. जपानीतले एक अक्षर येत नसताना!

आत्याला जपानी म्हणजे दोन-तीन पदार्थांची नावे आणि देवापुढे म्हणायचे चार शब्द. येसेनियाने आधी सोपी अक्षरे कुठल्याशा जुन्या तक्त्यावरून गिरवली. माझ्यात अवघड चित्राक्षरांच्या शेजारी त्यांचा उच्चार बारीक अक्षरांत छापलेला आहे, तो तिला वाचता येऊ लागला. शब्दकोश तिने मैत्रिणीकडून आणला. शब्द कळला नाही तर चित्र बघायची. गेन्ताची मूठ उगारलेली असेल तर शब्द काय असणार ते कळतेच.

आणि मग तिने कात्री काढली.

मित्रांनो, पुस्तकाला कात्रीचा आवाज कसा लागतो ते तुम्हाला सांगून कळणार नाही. नाताळात पानेतोन केक ज्या खोक्यांतून येतो ती खोकी ती कापायची, त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर माझी चौकट चिकटवायची आणि मागे स्पॅनिशमध्ये अर्थ लिहायची. मग ते पत्ते कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी टांगून ठेवायची. बटाटे सोलत एकेक पत्ता वाचायचा, अर्थ आठवायचा, उठून पत्ता उलटा करून बघायचे. चुकलेला पत्ता दोरीवरच राहायचा. बापाची टॅक्सी कोपऱ्यावर वाजली की सगळे पत्ते डब्यात. "चालता हो." "थोबाड बंद कर." "तुझी तंगडी मोडीन." माझ्या अंगातून कापलेले एकेक वाक्य त्या दोरीवर लिमाच्या दमट हवेत हलत असायचे. मला तिचा भयंकर राग यायचा. वाचायचे तर वाच, कापतेस काय?

पण शिकली. पानापानाने शिकली.

जपानी वंशाच्या लोकांच्या एका मंडळात शनिवारी भाषेचा वर्ग भरायचा. येसेनिया पत्त्यांचा डबा आणि मला पिशवीत घालून तिथे गेली. शिकवणाऱ्या तोकेशी बाई म्हाताऱ्या, ताठ कण्याच्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा घातलेल्या. येसेनियाने मोठ्या अभिमानाने पहिले जपानी वाक्य बोलून दाखवले. तिला म्हणायचे होते, "मी येसेनिया, मला शिकवाल का?" ती म्हणाली ते असे होते: "मी हाय येसेनिया. ए, शिकव की मला."

वर्गात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

"हे कुणी शिकवलं तुला?"

येसेनियाने डबा उघडला. बाईंनी दोन-तीन पत्ते बोटांच्या टोकांनी उचलून पाहिले.

"ओशिरोंच्या घरातली मुलगी आणि तोंडात गुंडांची भाषा? तुझ्या पणजीनं असं ऐकलं असतं तर काय वाटलं असतं तिला?"

"पणजी नाही आता ऐकायला," येसेनिया म्हणाली. "माझा भाऊ आहे. त्याच्याशी बोलायचंय."

"आधी हे विसर, मग ये," असे म्हणून बाईंनी अख्खा डबा कचऱ्याच्या टोपलीत उपडा केला.

येसेनिया सगळ्यांदेखत गुडघ्यांवर बसली आणि टोपलीतून एकेक पत्ता वेचून काढला. कुणी मदतीला उठले नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कात्रीपेक्षा दुसऱ्या कशाचा जास्त राग आला. त्या बाईंना भाषा येत होती. ती कशासाठी असते, ते येत नव्हते.

घरी येऊन ती तडक गच्चीवर गेली आणि पिशवी जमिनीवर आपटली. मी बाहेर घरंगळलो. रेंजो कठड्याला टेकून बसला होता. त्याने मला ओळखले. उचलले, पान उघडले, तर त्यातून बहिणीचे पाय दिसले.

तो किंचाळलाच. जपानीत, एका दमात. "माझं पुस्तक! माझं एकच उरलेलं पुस्तक! कापलंस? तुलाही फेकायचंच होतं ना?"

येसेनियाला त्यातले निम्मे कळले असेल. पण तिचे डोके आधीच तापले होते, आणि तोंडात गेन्ता होता.

"थोबाड बंद कर," ती जपानीत म्हणाली. "कापलं. तुझ्यासाठी कापलं, गाढवा."

रेंजोचे तोंड उघडेच राहिले. मग तोही भडकला. "माझ्यासाठी? इतकी वर्षं एकदाही बोलली नाहीस माझ्याशी!"

"फोनवर तू कधी आला नाहीस!"

"मी शेजारी उभा असायचो. प्रत्येक वेळी. पप्पा फोन द्यायचेच नाहीत. म्हणायचे, तिला तुझं कळत नाही, तुला तिचं कळत नाही, काय करायचंय बोलून." त्याचा आवाज चिरकला. "मी एक वाक्य पाठ केलं होतं तुझ्यासाठी."

"कुठलं?"

त्याने ते म्हटले. स्पॅनिशमध्ये, वाकड्यातिकड्या उच्चारात. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, ताई."

तेवढ्यात जिन्यावर मेमोची पावले वाजली. जपानी ऐकून तो धडधडत वर आला होता. "काय सांगितलं होतं मी?" म्हणत त्याने मला रेंजोच्या हातातून हिसकावले आणि मुखपृष्ठ टरकन फाडले. कणा मोडला तो तेव्हा.

येसेनिया बापासमोर जाऊन उभी राहिली आणि जपानीतच ओरडली, "थोबाड बंद कर!"

मेमोने हात उगारला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला, टाचा जुळल्या, मान कमरेपर्यंत खाली गेली, आणि तोंडातून स्वच्छ, नम्र जपानी बाहेर पडले. "चूक झाली, साहेब. पुन्हा होणार नाही."

आपण काय बोललो ते मेमोला वाकलेल्या अवस्थेतच कळले असावे, कारण तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग मला टाकीवर ठेवले आणि खाली निघून गेला.

"मुकादम रोज म्हणायचा पप्पांना," रेंजो हळूच म्हणाला. "थोबाड बंद कर, हेच. मी डबा द्यायला जायचो तेव्हा ऐकलंय."

तेवढे त्याचे सगळे जपानी येसेनियाला कळले.

मेमोने मुलांची माफी कधीच मागितली नाही. साहेबाची मागितली, पोरांची नाही. म्हणून माझा त्याच्यावरचा राग अजून उतरलेला नाही, मग त्याला कितीही सोसावे लागलेले असो. एवढेच झाले की त्या दिवसापासून बंदी उरली नाही. मुले टेबलावर जपानीत भांडायची, आणि तो भराभर जेवून उठायचा. एकदा येसेनियाचा एक शब्द चुकला, तर त्याने ताटातून मान वर न करता दुरुस्त केला. आत्याने त्याला आणखी भात वाढला.

माझी उरलेली पाने रेंजोनेच कापली. या खेपेला पत्ते दोन्हीकडून चालायचे, ती जपानी शिकायची, तो स्पॅनिश. पुढे दोघे मोठी झाली, वेगवेगळ्या गावी गेली. मी आत्याच्या कपाटात मसाल्याच्या डब्यांमागे पडून आहे. वर्षानुवर्षे मला कुणी उघडत नाही. उघडून वाचणार तरी काय?

मित्रांनो, अशा वेळी पुस्तकाने म्हणायचे असते की आम्हाला जपा, पाने दुमडू नका, कव्हर घाला. मी तसे म्हणणार नाही. आपले बोलणे कुणाला कळत नाही म्हणून गप्प झालेले मूल तुमच्या घरात, वर्गात, शेजारी आहे का, ते आधी बघा. असेल तर त्याने तुमची भाषा शिकण्याची वाट पाहू नका. त्याची भाषा शिका. चांगले पुस्तक मिळाले नाही, तर शिव्यांचे घ्या. आणि कात्रीला धार लावून ठेवा.