दबक्या आवाजातली हाक

शाळा साडेतीनला सुटते, पोरगी पावणेचारला दारात असते, आणि आज पाच वाजून गेले तरी तिचा पत्ता नाही. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय करू? गल्ली डोक्यावर घेऊ, शेजारीपाजारी गोळा करू आणि तडक पोलीस चौकी गाठू. धोबीखान्यात इस्त्री करणाऱ्या त्या बाईने यातलं काहीच केलं नाही. ती भिंतीच्या कडेकडेने गल्लीतून तीनदा जाऊन आली. लेकीला हाक मारली तीही दबक्या आवाजात, कारण शाळा सुटायच्या वेळेपासून नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती. दोन मोटारी एकमेकींना घासल्या होत्या, त्याचा पंचनामा चालला होता. पण बाईला ते कुठे ठाऊक?

बाई, तिचा नवरा आणि सात वर्षांची ठमी ही परक्या देशातून आलेली माणसं. आली तेव्हा राहण्याचा परवाना होता. त्याची मुदत संपली आणि नव्याचा अर्ज आठ महिने कुठल्यातरी टेबलावर पडून होता. त्यातच गेल्या महिन्यात चौक्यांना हुकूम सुटला: येईल त्याचे राहण्याचे कागद आधी तपासा, नसतील तर परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवा. तेव्हापासून त्यांच्या वस्तीत घर फुटलं तरी कोणी तक्रारीला जात नव्हतं.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"चौकीत जाऊ नकोस," तो म्हणाला. "मी निघालोय इकडून, पण पोचायला रात्र होईल. तिथे गेलीस तर आपण तिघंही गेलो म्हणून समज."

"आणि नाही गेले, अन् ठमीचं काही झालं तर?"

उत्तराची वाट न पाहता तिने फोन ठेवला आणि चौकीची पायरी चढली.

टेबलावरचा हवालदार तसा वाईट माणूस नव्हता. टापटिपीचा होता इतकंच. फॉर्ममधला एक रकाना रिकामा राहिला तर त्याला जेवण जात नसे.

"साहेब, माझी मुलगी हरवलीय!"

"बसा. आधी कागद दाखवा."

"साहेब, सात वर्षांची आहे हो..."

"लिहून घेतो ना. पण पहिला रकाना कागदांचा आहे. परवाना आणलाय का?"

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. "चुकलं माझं," ती पुटपुटली, "आली असेल ती घरी," आणि दाराकडे सरकली. पोटची पोर हरवलेली असताना आई पोलिसांना सांगते, चुकलं माझं! यापेक्षा वाईट वेळ ती कोणती?

"थांब गं बाई!" कोपऱ्यात पिशवी आवरत बसलेली अक्का उठली. तीस वर्षं नोकरी झालेली ही पोलीसबाई. वरचे साहेबही तिला अक्काच म्हणत. "अरे, पोर कुठे दिसली होती ते विचार की आधी!"

"अक्का, हुकूम आहे. उद्या माझ्यावर शेकेल."

"शेकू दे. कागद बघायला वेगळी कचेरी आहे, तिथे माणसं बसवलीत त्यासाठी. आपल्याकडे कोण येतं? ज्याचं घर फुटलं, ज्याला मार बसला, ज्याचं लेकरू हरवलं. त्यांनीच यायचं बंद केलं तर चोरांचं फावेल, आणि तू बस रकाने भरत. तुझी लेक केवढी रे?"

हवालदाराचीही सातच वर्षांची होती. त्याने फॉर्म बाजूला सारला. "अंगावर कपडे कोणते आहेत तिच्या, वहिनी?"

दहा मिनिटांत चार शिपाई गल्लीत उतरले. हवालदार कर्ण्यावरून ओरडत होता, "ठमी! आम्ही पोलीस आहोत! असशील तिथून ओ दे!" जिने, गच्च्या, यंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं आवार, सगळं पालथं घातलं. कुठूनही ओ आली नाही. सहा वाजले, सव्वासहा वाजले.

बाईने एकदम हवालदाराचा हात धरला. "साहेब, तो कर्णा बंद करा! तुमचा आवाज ऐकून ती यायची नाही. मीच शिकवलंय तिला. पोलीस दिसले की लपायचं, त्यांनी नाव घेतलं तरी ओ द्यायची नाही. रोज पाठ करून घेते हो मी तिच्याकडून!"

हवालदाराने कर्णा खाली केला. म्हणजे इतका वेळ तो त्या पोरीला शोधत नव्हता, तिला गप्प बसवत होता!

"सगळे शांत राहा," तो शिपायांना म्हणाला. "वहिनी, तुम्ही हाक मारा. मोठ्याने मारा, कोणाला भिऊ नका."

"ठमे! आई आहे गं! पोलीस मला मदत करतायत, ये बाहेर!"

तिसऱ्या हाकेला दुरुस्तीवाल्याच्या आवारातून टकटक ऐकू आली. कपडे वाळवायचं एक मोठं जुनं यंत्र तिथे भंगारात पडलं होतं. नाक्यावरची गाडी पाहून ठमी त्यात शिरली होती, आणि खटका पडून दार बंद झालं होतं. हवालदाराने पहारीने दार उचकटलं. आत पोर घामाने चिंब, ओठ काळेनिळे. गणवेश पाहताच ती आणखी मागे सरकली. जीव गुदमरत होता, तरी मागे सरकली! शेवटी आईनेच तिला ओढून बाहेर काढलं.

मोकळ्या हवेत श्वास परतल्यावर ठमी आईच्या कानाशी लागली. "ते किती वेळ हाका मारत होते. मी ओ दिली नाही. बरोबर केलं ना?"

हवालदाराने ते ऐकलं आणि त्याला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी तो आणि अक्का साहेबांपुढे उभे राहिले. "यापुढे मी आधी तक्रार लिहिणार," हवालदार म्हणाला. "मग काय शिक्षा करायची ती करा." साहेब कुरकुरले, पण हा हुकूम बदला असं पत्र त्यांनी वर धाडलं. उत्तर अजून यायचंय. ठमीच्या घरचा अर्जही अजून पडूनच आहे.

नागरिकहो, कोणी राहावं आणि कोणी जावं हे ठरवायला कायदा आहे, कचेऱ्या आहेत; त्यांनी ते खुशाल ठरवावं. पण तेच काम चौकीतल्या पोलिसाच्या गळ्यात बांधलं, की हरवलेलं लेकरू त्याच्या हाकेला ओ देईनासं होतं. आणि जो हाक मारतो म्हणून लेकरं श्वास रोखून बसतात, त्याला आपण रक्षक कोणत्या तोंडाने म्हणायचं?