तिवराचा वाटा

मी डहाणू रोड स्टेशनवर बुकिंग क्लार्क. साऱ्या गावाला तिकिटं देतो, पण माझ्या लेकीला, वसुमतीला बजावलं, "तुझं मुंबईचं तिकीट आता माझ्या खिडकीतून निघायचं नाही."

मुंबईच्या कॉलेजात बी. एस्सी.ला घातली होती ती शिकायला. ही आणि हिचे सोबती दोन वर्षं सुट्टी लागली की इथल्या किनाऱ्यावरच्या वाढवण गावात, चिखलात. खाडीचा बांध फुटून उधाणाचं पाणी गोड्या विहिरीत शिरायचं. या पोरांनी बांध घातला आणि पायथ्याशी खाऱ्या चिखलात तगणाऱ्या तिवराची रोपं लावली. पहिली सगळी समुद्रानं नेली, तर पुन्हा लावली. मी म्हणायचो, करा बापडे, कॉलेज तरी कौतुक करेल. यंदा कॉलेजात झाडं लावणाऱ्यांसाठी पदक निघालं, आणि गेलं कुणाला, तर प्रिन्सिपॉलांच्या खोलीसमोर गुलाब लावणाऱ्यांना. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. माझं डोकंच फिरलं. शिक्षण पुरे, म्हटलं. ती रडली नाही. वाढवणच्या लोकांचा निरोप घेऊन येते, एवढंच म्हणाली. एकटी कशी पाठवणार, म्हणून मीही गेलो.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्या जाऊ लागल्या होत्या. होडीचा म्होरक्या रामू तांडेल, त्याची होडी किनाऱ्याला लागली होती आणि वाळूवर मासळीचे सारखे ढीग घातले होते. प्रत्येक खलाशाचा एक, होडीचा एक, जाळ्याचा एक. जो तो आपली खूण म्हाताऱ्या सोनूबाईच्या पदरात टाकतो. कुणाचा शिंपला, कुणाचं विडीचं थोटूक. ती न बघता एकेक काढून ढिगावर ठेवते. ज्याची खूण, त्याचा वाटा. होडीवर न गेलेल्याला, सरपंच का असेना, शेपटीसुद्धा मिळत नाही.

एका ढिगावर तिनं तिवराची हिरवी डहाळी ठेवली. हा कुणाचा, मी विचारलं.

"तुमच्या पोरीचा नि तिच्या सोबत्यांचा," रामू म्हणाला. "औंदा उधानात बांध हलला नाय. विहिरीचं पानी गोडं रायलं. ही आमच्या होडीवरची मानसं. आली नसती तं वाटा घरी पोचवला असता."

मी बांधाकडे पाहिलं. भरतीचं पाणी त्या कोवळ्या रोपांच्या गळ्याशी आलं होतं आणि एकही रोप वाकलं नव्हतं. हे माझ्या पोरीनं लावलं, हे मला तेव्हा कुठं खरं वाटलं. पदक देणाऱ्यांचा रागही कुठल्या कुठं गेला.

आमच्या घरात मासळी शिजत नाही. रामूलाही ते ठाऊक होतं, तरी त्यानं टोपली पुढं केली. वसुमती घ्यायला वाकली, तेवढ्यात मीच वाकलो आणि दोन्ही हातांनी वाटा टोपलीत भरला. बोंबील हातातून निसटत होते, लोक हसत होते. परतताना स्टेशनचा हमाल लाहू याच्या घरी टोपली उतरवली आणि वसुमतीला म्हटलं, "उद्या सकाळी रांगेत उभी राहा."

सकाळी ती रांगेत होती. मी तारीख ठोकून तिकीट सरकवलं. तिनं ते नाकाशी नेलं आणि हसली. साबणानं चारदा धुऊनही माझ्या हाताचा वास गेला नव्हता.