माणूस झेललेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. बैलाचा कासरा नव्हे. गिर्यारोहकांचा, तीन पेडांचा नायलॉनचा दोर. बढाई मारत नाही, पण १९७३ साली मी अशा शिखरावर होतो, जिथे दोन पावले टाकली की माणूस श्वासासाठी थांबतो. त्याचे नाव मी घेत नाही. तिथले लोक त्याला देव मानतात.

त्या शिखरावर आमच्याआधी दोन मोहिमा गेल्या होत्या. पहिली वादळापुढे हात टेकून परतली आणि बर्फाच्या कड्यावर आपले दोर तसेच सोडून आली. दुसऱ्या मोहिमेतल्या एकाने त्यातलाच एक दोर धरला. दिसायला धडधाकट असलेला तो दोर उन्हावाऱ्याने आतून संपला होता. तो माणूस परत आला नाही. आमच्या फौजी तुकडीचे मेजरसाहेब तंबूत हे सांगत, तेव्हा मलाही कसेसेच होई.

आमची मोहीम फत्ते झाली. उतरताना मात्र साताऱ्याकडचा हवालदार जोतीराम घसरला आणि कड्यावरून खाली गेला. असा हिसका बसला की माझे पेड करकरले, पण मी त्याला सोडले नाही. त्या दिवशी माझे केवढे कौतुक झाले! मेजरसाहेबांनी नियमही सांगितला, की माणूस झेललेल्या दोराची नोकरी संपली. त्याच्यावर पुन्हा कुणाचा भार टाकायचा नाही. मला टाकून द्यायला जोतीरामचे मन धजेना. त्याने मला मागून घेतले आणि कृष्णाकाठच्या आपल्या गावी आणले.

तिथला माझा थाट विचारू नका. जोतीरामची बायको अंबूबाई खंडेनवमीला मला हळदकुंकू वाही. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, घरातले सगळे कासरे आणि नाडे, म्हणजे मोटेचे जाड दोर, अंगणात काढून हात फिरवून तपासत, झिजलेले बाजूला टाकत. मला मात्र कुणी हात लावत नसे. देवाला कोण तपासणार? खुंटीवर टांगलेल्या माझ्यावर खिडकीतले ऊन वर्षानुवर्षे पडत होते आणि मी आतून पिचत होतो. मी त्याला कसे झेलले, हे जोतीराम रंगवून सांगे. मेजरसाहेबांचा नियम त्याने घरी कधी सांगितलाच नाही.

एका उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढायचा होता. जोतीराम साताऱ्याला गेला होता. त्याच्या धाकट्या भावाने, नाथाजीने, मला खुंटीवरून काढले. दादाला झेललेला दोर घरात असताना काथ्याचा नाडा कशाला, असे त्याचे म्हणणे. मला कमरेला बांधून तो विहिरीत उतरला. वर गड्यांनी मला धरले होते. तो निम्म्यावर असताना काठाच्या दगडावर घासून माझा एक पेड तुटला. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

तेवढ्यात एसटीतून उतरलेला जोतीराम मळ्यात पोचला. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला. पण आवाज न चढवता त्याने शेजारी पडलेला नाडा विहिरीत सोडला.

"नाथाजी, हालू नगंस. कपारीत पाय रोव आन् ह्यो नाडा कमरंला बांध."

नाथाजीने कपारीत पाय रोवून नाडा बांधला. गडी त्याला वर ओढू लागले आणि दगडावर घासून माझे उरलेले पेडही तुटले. पण तोवर त्याचा भार माझ्यावर नव्हता. तो काठावर येऊन बसला, धावत आलेल्या अंबूबाईने त्याच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

"दादा, तूच म्हनायचास, ह्यानं तुला वाचिवलं," नाथाजी म्हणाला.

"वाचिवलं, म्हनूनच त्यो थकलाय रं. ह्ये म्या सांगाया पायजे हुतं." जोतीरामचे डोळे भरून आले होते.

मित्रांनो, ज्याने तुमच्यासाठी जीव तोडून काम केले, त्याची पूजा खुशाल करा. पण अधूनमधून त्याच्या अंगावरून हात फिरवून, तो थकला आहे का, तेही बघा. माझ्या मोठ्या तुकड्यावर अंबूबाई आता धुणे वाळत घालते. मी तुटलो तर फार तर तिला लुगडी पुन्हा धुवावी लागतील.