आपल्या हातात असेल तेवढंच

वत्सलाबाई बोरसे पर्वत पाटियाजवळच्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा एका गुजराती ट्रस्टची, आणि मुलं बहुतेक खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्यांची. आठवी झाली की मुली गळायच्या. बाई दरवर्षी घरोघर फिरायच्या, त्यातल्या एखाददुसरीला परत आणायच्या.

त्यांचा भाचा तुषार इंजिनियरिंग कॉलेजात पीएच.डी. करत होता. ढीगभर नोंदींमधून कुठल्या गोष्टी वारंवार जोडीनं येतात ते शोधणारा प्रोग्रॅम, हा त्याचा विषय. त्यानं शाळेची माहिती मागितली, बाईंनी नावं गाळून दिली.

पहिल्या खेपेला शेकडो ओळी आल्या. बाईंनी चष्मा लावून वाचलं : गैरहजेरी वाढली की मुलगी शाळा सोडते.

"हे कळायला कॉम्प्युटर कशाला रे?" त्या म्हणाल्या. "मला काय करता येईल ते सांगायला सांग त्याला."

तुषारला ते लागलं. घरी जाऊन त्यानं सगळं नव्यानं लिहिलं. आता प्रत्येक ओळीखाली प्रश्न यायचा : यावर तुम्हाला काही करता येईल का? 'नाही' म्हटलं की प्रोग्रॅम ती ओळ आणि तिच्यासारख्या बाकीच्या बाजूला सारायचा, दुसरं काही शोधायचा.

"माणसाला काय हवंय ते याला आता कळेल, मावशी," तो म्हणाला.

बाई रोज शाळा सुटल्यावर बसू लागल्या. त्या खोटं उत्तर देणाऱ्यातल्या नव्हत्या. बापाची रात्रपाळी : नाही. दर वर्षी खोली बदलणं : नाही. घरात तान्हं मूल आणि आई दिवसभर साड्यांना टिकल्या लावणारी, इथे मात्र त्या थांबल्या. आठवीतली सुषमा त्यांच्या डोळ्यांपुढे आली. गणितात पहिली, आणि गेले कित्येक दिवस वर्गात नव्हती.

त्या तिच्या घरी गेल्या. सुंदरा, सुषमाची आई, हातातली साडी खाली न ठेवताच म्हणाली, "शाळामा धाडाले मी ना नही म्हनत, मॅडम. पन धाकलाले कोन संभाळी?"

"त्याला घेऊनच येऊ दे तिला. माझ्या खोलीत झोपवू."

सुषमा आली. बाळही आलं. आठवड्याच्या आत ट्रस्टी मगनभाई तपासणीला आले आणि नेमकं तेव्हाच बाळ रडलं.

"बेन, आ शाळा छे, घोडियाघर नथी," ते म्हणाले. पाळणाघर चालवायची परवानगी नव्हती, मूल सांभाळायला बाई नव्हती, आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण? दुसऱ्या दिवसापासून सुषमा आली नाही.

संध्याकाळी बाईंनी त्या ओळीखाली 'नाही' दाबलं. पुढच्या ओळींवरही तेच दाबत गेल्या. शेवटी पडदा कोरा झाला. एकच वाक्य उरलं : तुमच्या उपयोगाचं काही सापडलं नाही.

तुषारला आधी आनंद झाला. प्रोग्रॅम अगदी बरोबर शिकला होता. मग त्यानं मावशीच्या तोंडाकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"हे मगनभाईंना दाखवू," तो म्हणाला. "तू नाही म्हटलेल्यातलं निम्मं त्यांच्या हातात आहे."

दाखवलं. मगनभाईंनी शांतपणे वाचलं, प्रत्येक ओळीखाली अंगठ्यानं 'नाही' दाबलं. ट्रस्टला दुसऱ्याही शाळा होत्या, एकीवरच खर्च करता येत नव्हता. पडदा पुन्हा कोरा झाला तेव्हा ते समाधानानं म्हणाले, "जुओ, कंई प्रॉब्लेम ज नथी."

तुषार समजावत राहिला. बाईंनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला उठवलं.

जूनमध्ये नववीला पुरेशा मुली नव्हत्या म्हणून ट्रस्टनं वर्गच बंद केला. तुषारचं संशोधन कॉलेजात सगळ्यांना आवडलं. दुसऱ्या एका शाळेत प्रोग्रॅम लावायचाय, तिथल्या बाईंशी बोलशील का, असं विचारायला त्यानं मावशीला फोन केला.

"बोलेन की," वत्सलाबाई म्हणाल्या. "काय सांगू त्यांना?"

तुषारनं जेवण झालं का ते विचारलं. झालं, म्हणाल्या, आणि फोन ठेवून पाचवीच्या वर्गावर गेल्या.